पैलाडला पाणी कुठलं?

नमस्कार. तो पंखा जरा एकवर करता का? नकाशा उडतोय. हां, आणि कडेला दोन पुस्तकं ठेवा कुणीतरी. जाडी बघून आणा, विषय कुठलाही चालेल.

बाहेर फळ्यावर खडूने लिहिलंय, 'एका काल्पनिक खंडाचे नामकरण आणि आद्य वसाहत'. मी आत येताना एक गृहस्थ ते वाचून सोबतच्याला म्हणाले, "भूगोलाचं काहीतरी दिसतंय. पाऊस थांबेस्तोवर बसू." पाऊस थांबायची लक्षणं नाहीत, तेव्हा मला वेळ भरपूर आहे. पण आधीच सांगून ठेवतो, टेबलावर पसरलेला हा खंड कुठेही नाही. मी आणि माझा भाचा मिळून गेली सहा वर्षं तो रचतोय. त्याला अद्भुत गोष्टी लिहायच्या आहेत, मला नकाशे काढायला आवडतात. शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेल्या जमिनी पोरांकडून गिरवून घेतल्या. निवृत्त झाल्यावर वाटलं, एखादी जमीन आपली स्वतःची असावी. गुंठ्याचे भाव ऐकले आणि खंडच घेतला.

पहिला नकाशा चार ड्रॉइंग शीट जोडून काढला होता. खंडाचं नाव 'महाकांचनद्वीप'. पाच नद्या, तीन डोंगररांगा, उत्तरेला भाच्याच्या हट्टासाठी एक आग ओकणारा सरडा. सगळ्यात मोठ्या नदीच्या अगदी मुखाशी राजधानी, 'सुवर्णपत्तन'. घरात कुठे मावेना म्हणून नकाशा ओटीवर पसरला होता. माझी आत्या तेव्हा आमच्याकडे होती. ती शेजारी सुपात तांदूळ निवडत बसलेली. तिने चष्मा वरखाली करून नकाशा पाहिला, सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला आणि विचारलं, "ह्या सगळा बरा हा. पण उतारल्यार पयला पाणी खंयचा पिल्यानी?"

भाच्याने नदीच्या मुखावर बोट ठेवलं.

"ती खाडी," आत्या म्हणाली. "खारा पाणी."

सुवर्णपत्तन त्या संध्याकाळी बुडालं.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. हे मी वर्गात शिकवलेलं होतं. वाशिष्ठीत भरतीचं पाणी पार चिपळूणपर्यंत चढतं, हे पोरांना तोंडपाठ करायला लावलं होतं. आपल्याकडची बंदरं खाडीच्या तोंडाशी असतात, पण जुने बाजार जिथे भरती संपते तिथे भरलेले दिसतात. चिपळूण, महाड, राजापूर, खारेपाटण, सगळे तसेच. मचवा भरतीबरोबर आत चढायचा, ओहोटीबरोबर बाहेर पडायचा. घाटावरून बैल उतरायचे ते तिथपर्यंतच. वस्ती कशी बसते याचं उत्तर दाराशी होतं, आणि मी कागदावर मात्र सोन्याचं शहर समुद्रात ढकलून मोकळा झालो होतो.

तेव्हा पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी पाण्यापासून.

आपला सडा घ्या, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेतो, आणि मे महिन्यात त्याच्यावर चिमणीला चोच बुडवायला पाणी नसतं. जांभा पाणी धरत नाही, खाली सोडतो. खाली चिकणमातीचा थर लागला की ते अडतं आणि आडवं सरकत पायथ्याला, एखाद्या फणसाच्या मुळाशी, झऱ्याने बाहेर पडतं. आपल्या वाड्या सड्यावर का नाहीत आणि सड्याच्या पायथ्याला ओळीने का आहेत, याचं कारण एवढंच. पाण्याने जागा दाखवली, माणूस तिथे बसला.

सिंधुदुर्ग तर समोरच आहे आपल्या. कुरटे बेटावर १६६४ साली काम सुरू झालं, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. चहूकडे समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. पाहुणे आले की आपण त्यांना तट दाखवतो, बुरूज दाखवतो. मी हल्ली विहिरी दाखवतो. नावं आठवा, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आहे पाणीच तिन्हींत. पण खाऱ्याच्या मधोमध गोडं लागल्यावर त्याला नुसतं 'पाणी' म्हणवेना कुणाला.

आणि ही सवय जुनी. पुराणांतली सात द्वीपं घ्या. जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर. त्यांच्याभोवतीचे समुद्र आहेत खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटी गोड्या पाण्याचा. म्हणजे दुधा-दह्याचे समुद्र पुराणात आणि दुधा-दह्याच्या विहिरी मालवणात. द्वीपांची नावंही बघा. जांभूळ, पाईर, सावर, दर्भ, साग, कमळ. क्रौंच तेवढा डोंगर, बाकी सगळी झाडंझुडपं. अख्ख्या खंडाला नाव द्यायचं तर आपल्या पूर्वजांनी अंगणातलं झाड उचललं. माझं 'महाकांचन' त्याच्यापुढे सराफाच्या दुकानाची पाटी वाटायला लागलं.

तर आता आमच्या खंडावर माणसं कशी उतरली ते सांगतो. पश्चिमेला काही बेटं आहेत. तिथे माती धुपली, झाडं संपली, आणि बावीस गलबतं निघाली. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे मृगाच्या तोंडावरचा. शहाणा खलाशी त्या दिवसांत दर्यात जात नाही. पण जायचं पूर्वेला, आणि तिकडे ढकलणारा वारा तेव्हाच सुटतो. म्हणजे पोचले तेच पावसाच्या आदल्या दिवशी. घर बांधायला उसंत नाही. त्यांनी गलबतं वाळूवर ओढली, पालथी घातली आणि चार महिने त्यांच्याखाली काढले. त्यामुळे तिथल्या बोलीत घराला अजून 'पालथं' म्हणतात. दगडी वाडा असला तरी तो 'पालथं'च. मुलीला स्थळ बघताना विचारतात, "पालथं स्वतःचं आहे की भाड्याचं?"

हा शब्द भाच्याचा बरं का. मला सुचला नसता.

आणि पाणी? वाळूत, भरतीच्या रेषेच्या खाली, एक झरा. ओहोटी लागली की वाळूतून गोडं पाणी बुडबुडत वर येतं, भरती आली की समुद्र त्याच्यावर बसतो. म्हणजे दिवसातून दोनदाच भरून घ्यायचं. त्या जागेला त्यांनी नाव दिलं 'दोनवेळ'. खंडावरचं हे पहिलं नाव. आज तिथे आमची राजधानी आहे, दगडी घाट आहे, जकातनाका आहे, कवी त्या नावाचे उदात्त अर्थ लावतात, जन्म आणि मृत्यू वगैरे. मूळ अर्थ हंडा-कळशीचा.

इथे एक गोष्ट हाताला लागली आणि मी आठवडाभर तिच्यातच अडकलो. ओहोटी रोज त्याच वेळी येत नाही, साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मग पाण्याची पाळीही सरकणार. आज सकाळी सहाला, उद्या सात वाजायच्या सुमारास, आठवड्याने दुपारी. त्या बायकांचा दिवस सूर्यावर चालणारच नाही. स्वयंपाक, झोप, पोरांना न्हाऊ घालणं, सगळं ओहोटीच्या मागे. दुसरं म्हणजे, अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी लांबवर आत ओढलं जातं, झरा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. ओहोटी पुरती लागत नाही, झरा पाण्याखालीच. महिन्यातून दोनदा, दोन-तीन दिवस गोडं पाणी नाही! पहिल्या वर्षी तान्ही मुलं गेली ती या दिवसांत. म्हणून पैलाडात अष्टमीला चूल पेटत नाही आणि मोठी माणसं पाणी पीत नाहीत, घरातलं असेल ते मुलांना देतात. पुढे विहिरी झाल्या, पाटाचं पाणी आलं, उपास मात्र राहिला. कशासाठी ते कुणाला सांगता येत नाही. आपल्या घरांत असे उपास किती आहेत ते तुम्ही मोजा.

बोलता बोलता नाव सांगून टाकलं मी, पैलाड. आता त्याच्याकडे येतो.

खंडाचं नाव ठेवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण खंडाला नाव लागतं कुणाला, हेच कळत नव्हतं. विहिरीला नाव लागतं, पाणी कुठून आणलं ते सांगायला. वळणाला लागतं, बंदराला लागतं. पण खंडावर राहणाऱ्या माणसाला खंड दिसतच नाही. तो दिसतो बाहेरच्याला.

आडनावांचं बघा. मालवणात राहणाऱ्याला मालवणात कुणी मालवणकर म्हणत नाही. गाव सोडलं की माणूस 'कर' होतो. अलिबागच्या बाजूचे बेने इस्राएल घ्या. त्यांच्या परंपरेप्रमाणे जहाज फुटून सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली. पुढे ती पांगली गावोगाव, तेलाच्या घाण्यावर बसली, आणि त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. आपला चाकरमानी गिरणगावात गेला तर तिथे त्याने गावाच्या नावाची खोली केली, पंचवीस माणसं एका खोलीत, ट्रंका भिंतीला. मुंबईत ती खोली गावाच्या नावाने ओळखली जायची. आणि चाकरमानी स्वतः काय म्हणतो? "गावाक जातंय." नाव घेतच नाही. गाव म्हणजे एकच.

बाहेरचा माणूस नाव ठेवतो तेव्हा त्याला ऐकू येईल तसं ठेवतो. चौलला ग्रीक खलाशी सेमुल्ला म्हणत. जंजिरा हा अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. आपण सहलीला जातो 'जंजिरा बेटावर', म्हणजे बेट बेटावर. कॅनडाची गंमत तर मी वर्गात दरवर्षी सांगायचो. १५३५ साली जाक कार्तिए तिथे गेला तेव्हा दोन स्थानिक तरुणांनी त्याला 'कनाता'ची वाट सांगितली. कनाता म्हणजे वस्ती. जगातला आकाराने दुसऱ्या नंबरचा देश, आणि त्याचं नाव 'वाडी'.

कधी उलटंही होतं, नाव आधी आणि जमीन मागून. दक्षिणेला एक प्रचंड भूमी असलीच पाहिजे असं युरोपच्या नकाशावाल्यांनी शतकानुशतकं धरून ठेवलं होतं, तिचं नावही तयार होतं, 'टेरा ऑस्ट्रॅलिस', दक्षिणेची भूमी. कुकने १७७२ ते १७७५ दक्षिण समुद्र पालथा घातला आणि तसा वसण्याजोगा खंड तिथे नाही हे दाखवून दिलं. रिकामं पडलेलं नाव मग दुसऱ्याच्या अंगावर चढलं, मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घालतात तसं. तो ऑस्ट्रेलिया.

आणि आपल्या या समोरच्या समुद्रात तर एका शास्त्रज्ञानेच खंड रचला होता. १८६४ साल. फिलिप स्क्लेटर हा प्राणिशास्त्रज्ञ. मादागास्करमध्ये लेमूर नावाचे प्राणी, त्यांचे भाऊबंद भारतात, मधे एवढा समुद्र, मग ते आले-गेले कसे? मधे जमीन असणार, ती बुडाली असणार. नाव दिलं 'लेमुरिया'. लेमूर हे नाव रोमन लोकांच्या भुतांवरून आलेलं, त्यामुळे हा अक्षरशः भुतांचा खंड झाला. तो नव्हताच. खंड स्वतःच सरकतात हे नंतर कळलं, आणि मादागास्कर व आपण एकेकाळी चिकटलेले होतो हेही. त्या जुन्या जोडलेल्या खंडाला नाव मिळालं गोंडवन, आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. त्याला 'लँड' जोडून गोंडवनालँड केलं. पुन्हा बेट बेट.

हे सगळं ओटीवर बोलत होतो तेव्हा आत्या तांदूळ संपवून उठली आणि गुडघ्यावर हात ठेवत म्हणाली, "मिया पैलाडच्या वाडीत जावन येतंय." आमच्या पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडची वाडी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पैलाड, म्हणजे पलीकडची बाजू. बेटांवरचे म्हातारे पिढ्यान्‌पिढ्या पूर्वेकडे हात करून म्हणायचे, पैलाडला जमीन आहे. मग एक दिवस लोक तिथे जाऊन राहिले. आता तेच पैलाडवर. तिथे उभं राहून त्या जमिनीला 'पलीकडे' म्हणायचं कसं? पण म्हणत राहिले, सवयीने. नातवंडांना ते नुसतं नाव झालं. आणि खरी पंचाईत पुढे आहे. जुन्या बेटांना नावच नव्हतं, ती 'गाव' होती. आता परत व्यापाराला जायला लागले तेव्हा त्यांना काहीतरी म्हणायला हवं. मग पैलाडच्या जोडीला 'ऐलाड' आलं. लेकीमुळे आईला नाव मिळालं. बेटावरच्या लोकांना हे अजिबात आवडलेलं नाही. आमच्या दुसऱ्या वहीत त्यावरून युद्ध आहे. ते मी आज सांगत नाही, भाच्याने लिहिलंय आणि फार लांबलंय.

जमीन कुठून आली याचीही एक कथा लागते. आपल्याकडे परशुरामाने बाण मारला, समुद्र हटला आणि कोकण वर आलं. लहानपणी ऐकलेली ही कथा मला फार आवडते. पण पेण-अलिबागच्या खारेपाटात जा. तिथला शेतकरी सांगेल की समुद्र एका बाणाने हटत नाही, त्याला दरवर्षी हटवावं लागतं. मातीचा बांध, बांधात उघाडी. भरतीचं पाणी उघाडीचं दार बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. खेकड्याने बीळ केलं, लक्ष गेलं नाही, उधाणाला खांड पडली की खारं पाणी भातात. मग दोन-चार पावसाळे मीठ धुऊन जायची वाट बघायची, नाहीतर तिवरं उगवलेली बघायची.

पैलाडातही आम्ही एक सिद्धपुरुष ठेवलाय. त्याने टाच आपटली आणि समुद्र मागे गेला. देवळात त्याची मूर्ती आहे. पण त्याच देवळाच्या माळ्यावर एक बांधाची वही आहे, कुणी किती वाव बांध राखायचा त्याची. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून भरेल तेवढं माप, आपले मच्छीमार खोली त्यानेच सांगतात. तिथली जुनी आडनावं त्या वहीतली आहेत, सातवावे, बारावावे. ज्यांच्याकडे एकच वाव होता ते एकवावे. लग्नपत्रिकेत ते अलीकडे दुसरंच काहीतरी छापतात.

आता अवघड भाग. तिथे आधी कुणी होतं का?

सुरुवातीला आम्ही म्हटलं, नव्हतं. सोपं पडतं. पण आपल्या सड्यांवर कातळात कोरलेली चित्रं आहेत. बारसू, उक्षी, कशेळीचा तो अवाढव्य हत्ती, आपल्याच तालुक्यातलं कुडोपी. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तोवर आपण त्यांच्यावरून गुरं हाकली. ज्यांनी कोरली त्यांचं एक नाव आपल्याकडे उरलेलं नाही. हे डोक्यात बसल्यावर रिकामा खंड रचायला हात धजेना.

म्हणून पैलाडच्या सड्यावर माणसं आहेत. वसाहतवाले त्यांना सडेकर म्हणतात. ते स्वतःला 'आम्ही' म्हणतात. दोनवेळचा झरा त्यांचाच होता. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी वरून सगळं पाहिलं, पालथी गलबतं, रडणारी मुलं, आणि चौथ्या महिन्यात खाली आले. बोलणं झालं ते हातवाऱ्यांनी. ठरलं ते असं, झरा दोघांचा, आणि दर चौथ्या वर्षी खालच्यांनी तीन रात्री किनारा रिकामा करायचा.

तुम्ही हसताय, कारण हे मी कुठून उचललं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आचऱ्याची गावपळण, चिंदरची गावपळण. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं घेऊन आख्खा गाव वेशीबाहेर, तीन रात्री झोपडीत, आणि देवाचा कौल मिळाल्यावर घरी. लहानपणी मी एका गावपळणीत मामाकडे होतो. आठवतं ते एवढंच की वेशीबाहेरून गाव बघताना एकही दिवा नव्हता, आणि आमचा मोती कुत्रा घराच्या दिशेने तोंड करून रात्रभर बसला होता. कुणीही त्याला हाक मारली नाही. आपल्या गाऱ्हाण्यात जागेच्या राखणदाराला आधी हाक घालतात, आपल्या मागण्या मग येतात, तेही त्याच जातीचं आहे. जागेचा धनी दुसराच कुणीतरी आहे हे आपल्या लोकांना माहीत होतं. व्हय म्हाराजा.

तर पैलाडात ते तीन रात्री सडेकर खाली येऊन राहतात. काय करतात, यावर भाच्याचं आणि माझं पटत नाही. त्याला तिथे मंत्र हवेत, समुद्रातून काहीतरी वर यायला हवंय, तो आग ओकणारा सरडा अजून वापरायचा राहिलाय. मला वाटतं ते काहीच करत नाहीत. ओहोटीला झऱ्यावर जातात, पाणी भरतात, चुलीशी बसतात, चौथ्या पहाटे वर जातात. परत आलेल्या बायकांना चुलीतली राख कोमट लागते आणि हंडे भरलेले सापडतात.

आणि हा कोपरा बघा, इथे मी जागा सोडली आहे, पेन्सिलीची नुसती चौकट. सडेकर त्या खंडाला काय म्हणतात ते इथे यायचंय. गोष्टीत अजून त्यांना कुणी विचारलेलं नाही.

चहा आला वाटतं. नकाशा बघायला जवळ या सगळे, पण पेले तिकडेच ठेवून या.